मोकल कंट्रोलरची सर्कस

हरिश्चंद्र मोकल यांनी आयुष्यात एखादं वाक्य नुसतं उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. ते वाक्य जाहीर करायचे. पनवेलच्या बस स्टँडवर एकतीस वर्षं ते कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय हे साऱ्या तालुक्याला सांगणं हे त्यांचं काम. निवृत्त होताना माणसं शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. मोकल आवाज घेऊन आले. कामोठ्यात आमच्या सेक्टरातल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर पहिल्या दिवशी आले ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सभासदांनी कृपया लक्ष द्यावे. मी मोकल." लक्ष द्यायला आम्ही चौघं होतो आणि त्यातले दोघं पेंगत होते.

मी या कट्ट्याची सेक्रेटरी. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाल्यावर मला कागद लिहायला कुणी देईना, म्हणून हे पद घेतलं. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, लोकांनीही वेळोवेळी कळवलं आहे. मोकल कट्ट्यावर आले तेव्हा मला वाटलं, चला, जिभेला काम मिळालं.

काम भरपूर मिळालं. कट्ट्याचे एक सभासद वारले तेव्हा मोकल त्यांच्या इमारतीखाली उभे राहून म्हणाले, "श्री. पाटील यांचे आज सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी प्रस्थान झाले आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी." पाटलांच्या मुलाने रडता रडता मान वर करून बघितलं, हे कोण म्हणून. पुतण्याच्या लग्नात आपल्या गावी, गव्हाणला, यांनी बँडवाल्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि मंगलाष्टकं अकरा मिनिटं उशिराने सुरू होत असल्याबद्दल वऱ्हाडाकडे दिलगिरी व्यक्त केली. उशीर भटजींमुळे होतोय हेही सांगितलं. भटजी पुढची दोन मंगलाष्टकं गिळूनच म्हणाले.

पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन उशिरा येणाऱ्यांसाठी. कट्ट्याच्या हजेरीवहीत माझ्या नावापुढे इतकी लाल शाई आहे की कुणाला वाटावं मी नापास झालेय. आणि एक मौज म्हणजे, माइक हातात असला की मोकल छापील मराठी बोलत. माइक खाली ठेवला की ते गव्हाणचे होत. गव्हाणची जमीन गेली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डर आला, आणि मोकल मुलगा-सुनेसह कामोठ्यात आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर आले. बायको त्याआधीच गेली होती. रागात, भुकेत आणि घाबरल्यावर ते 'हाय-नाय' बोलत. ती भाषा मला त्यांच्या सफारीपेक्षा चांगली वाटायची. त्यांना मात्र ती चप्पल घालून देवळात शिरल्यासारखी वाटायची.

आता सिनेमाचं. एका निवडणुकीआधी एका उमेदवाराने कट्ट्याला प्रोजेक्टर भेट दिला. त्यावर त्याचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला होता. उमेदवार पडला, फोटो अजून निघालेला नाही. प्लगला हात लावायला न घाबरणारी मी एकटीच, म्हणून यंत्र माझ्याकडे आलं. दाखवायचं काय हा प्रश्न होता. तेव्हा हमीदभाई म्हणाले, माझ्याकडे पेटीभर सिनेमे आहेत. हमीदभाई सव्वीस वर्षं कुवेतला होते, आता बाजारात मुलाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसून मुलाला सल्ले देतात. त्यांच्या पेटीतल्या निम्म्या सिनेमांत गोळीबार होता, उरलेल्यांची वेष्टनं त्यांनी आम्हा बायकांना पाहू दिली नाहीत. शेवटी तळाशी एक डिस्क निघाली. जुना हॉलिवूडचा सिनेमा, रंगीत, वेष्टनावर तंबू, हत्ती आणि झुल्यावर एक मुलगी.

"हे लावा बिनधास्त," हमीदभाई म्हणाले. "जनावरांचं पिक्चर आहे. शरीफ."

पण सगळं इंग्रजीत, खाली अक्षरंही नाहीत. आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांचं इंग्रजी औषधाच्या चिठ्ठीपाशी संपतं. तेव्हा मोकल उठले. "भाषांतराची व्यवस्था करण्यात येईल," ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं इंग्रजी 'टाइम', 'ड्रायव्हर' आणि 'ब्रेकडाउन' या पट्ट्यातलं होतं. पण माइक त्यांच्या हातात होता आणि माइक हातात असताना त्यांना कशाचीच भीती वाटत नसे.

सिनेमाची खरी गोष्ट मला फार पुढे समजली. एक सर्कस बुडायला आलेली असते. प्रेक्षक येत नाहीत, हत्तीला चारा नाही, तंबूला ठिगळं. तंबू ठोकणारा एक तरुण आणि झुल्यावरची मुलगी यांचं एकमेकांवर प्रेम असतं, पण बोलत कुणी नाही, गातात मात्र दर दहा मिनिटांनी. एक श्रीमंत माणूस सर्कस विकत घ्यायला येतो. मुलीला दुसऱ्या मोठ्या सर्कशीतून बोलावणं येतं. शेवटच्या खेळाला तंबू रिकामा, ती वर झुल्यावर, हा खाली रिंगणात. तो तिला एक वाक्य म्हणतो, ती झुला सोडते आणि तो तिला झेलतो. एवढीच गोष्ट. आमच्याकडे मात्र ती मोकलांमार्फत आली.

कट्ट्याच्या हॉलात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पहिल्या खेळाला सिनेमा सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच तो तरुण आणि ती मुलगी तंबूच्या दोरखंडाआड एकमेकांच्या फार जवळ आले. मोकल झेपावले आणि त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे हात धरला. पडद्यावर पाच बोटं उमटली, सोंडेएवढी एकेक. बोटांमागून व्हायोलिनं वाजत राहिली. मग माइकवरून आवाज आला, "विलास आणि शैला हे सख्खे भाऊ-बहीण असून लहानपणी जत्रेत हरवले होते. त्यांची आज भेट झाली आहे."

डावीकडच्या चार बायकांनी डोळे पुसले.

त्यानंतर विलासने शैलाला आणखी सहा वेळा मिठी मारली. प्रत्येक वेळी पाच बोटं आणि प्रत्येक वेळी नवं कारण. एकदा भाऊबीज होती. एकदा तिला ताप आला होता आणि तो अंग गरम आहे का बघत होता. श्रीमंत माणूस कागद घेऊन आला तेव्हा मोकलांचा आवाज खाली गेला. "हा बिल्डर आहे," ते म्हणाले. "सर्कशीच्या मैदानाचे भूसंपादन होणार आहे."

हॉल एकदम ताठ बसला. आमच्याकडे गव्हाणची, आसपासच्या गावांची पुष्कळ माणसं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाच्या कपाटात एक तरी नोटीस आहे. पडद्यावर म्हाताऱ्या सर्कसमालकाने पेन उचललं आणि पुढच्या रांगेतले धर्माकाका खुर्चीतून उठले. "सही करू नको रं!" ते पडद्याला ओरडले. "आमी केली, काय मिलाला? सही करू नको!" पुढे नायक-नायिकेचं पाच मिनिटांचं युगुलगीत होतं. मोकलांनी सांगितलं की गाण्यातून प्रकल्पग्रस्तांच्या मागण्या मांडण्यात येत आहेत, आणि एकेक कडव्याला एकेक मागणी वाचली. चौथ्या मागणीला टाळ्या पडल्या.

मी इतकी हसले की प्रोजेक्टर हलला. पण खरं सांगायचं तर लोक घरी जाताना सर्कशीबद्दलच बोलत होते. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच सिनेमा लावा अशी मागणी आली, त्याच्या पुढच्या महिन्यातही. असा तो नेम पडला. पहिला शनिवार, दुपारी चार.

आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर रूथ पेणकर राहायच्या. सगळे त्यांना पेणकर मिस म्हणत. कोकणातलं बेने इस्रायली ज्यू घराणं, पिढ्यान् पिढ्या पनवेलचं. भाऊ, बहिणी, चुलत भावंडं सगळी एकामागून एक इस्रायलला गेली. या लग्न न करता इथे राहिल्या आणि पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि मराठी अशी की तिच्यापुढे मला माझी गावंढळ वाटे. म्हटलं, या बाईंना मोकलांच्या समोर आणून बसवावं. प्रजासत्ताक दिनाला कट्ट्याचा जादा खेळ होता. त्याला मी त्यांना मुद्दाम घेऊन गेले आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. मला मोकलांची फजिती हवी होती. दुसरा काही उदात्त हेतू नव्हता.

मोकलांनी मिसना पाहिलं आणि माइक या हातातून त्या हातात घेतला. "भाऊ-बहीण" म्हणताना आवाज चिरकला. भूसंपादन त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. खेळ संपल्यावर माइक टेबलावर ठेवून ते मिसच्या समोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"मिस, काय चुकला असंल तर सांगा. आमचा शिक्षण जास्त नाय."

मिसनी चष्मा पुसला. "मोकल, हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला होता," त्या म्हणाल्या. "तुमचा जास्त चांगला आहे. चालू द्या."

माझा पचका झाला. मी प्रोजेक्टरची वायर उगाच दोनदा गुंडाळली.

त्या वेळी मोकलांनी त्यांना पुढच्या महिन्याच्या खेळाचं आमंत्रण दिलं. मिस म्हणाल्या, "शनिवारी मी कुठे जात नाही, दिवेलागण होईपर्यंत. आमचा शब्बाथ असतो." मोकल "हो का" म्हणाले. याच माणसाने हमीदभाईंच्या मुलीच्या निकाहासाठी खेळ अर्धा तास पुढे ढकलायला साफ नकार दिला होता. दोन दिवसांनी हॉलच्या दारावर सूचना लागली. प्रशासकीय कारणास्तव शनिवारचा खेळ कायमस्वरूपी रविवारी करण्यात येत आहे.

"ये प्रशासन म्हणजे कोण हो, कुंदाताई?" हमीदभाईंनी सूचना वाचून मला विचारलं.

मी म्हटलं, तळमजल्यावर राहतं.

पुढच्या महिन्यापासून सिनेमात फरक पडू लागला. फेब्रुवारीत पाच बोटं भिंगापुढे आली पण ती थोडी फाकलेली होती, आणि मोकलांनी जाहीर केलं की विलास आणि शैला हे सख्खे नसून चुलत आहेत.

"गेल्या म्हयन्यात सख्खा व्हता ना यो?" धर्माकाका म्हणाले.

"चौकशीअंती तसे निष्पन्न झाले आहे," मोकल म्हणाले.

मार्चमध्ये ते मानलेले झाले. एप्रिलमध्ये नुसते शेजारी. मे महिन्यात दोघं एकाच तंबूत नोकरीला असलेले सहकारी होते आणि भिंगापुढे दोनच बोटं होती. जूनमध्ये मोकलांनी हात खिशात ठेवला. पडद्यावर जे झालं ते डावीकडच्या आणि उजवीकडच्या सगळ्यांनी पाहिलं. कुणी मेलं नाही. डावीकडच्या शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला पहिल्यापासून शंका होतीच."

कट्ट्याला सिनेमातलं नातं दिसत होतं. मला दुसरंच दिसत होतं. मोकल माइकवर बोलायचे प्रेक्षकांशी, पण प्रत्येक वाक्य संपलं की नजर पहिल्या रांगेत. मिस हसल्या की पुढचं वाक्य ठसक्यात येई. त्यांनी भुवई उचलली की मोकल "दुरुस्ती" असं म्हणून वाक्य बदलत.

मग त्यांनी शिकवणी लावली. रोज अकरा ते बारा, मिसच्या तळमजल्याच्या घरी, जाळीचं दार लोटलेलं आणि लाकडी दार सताड उघडं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघंही दिसावीत. टेबलाच्या या टोकाला मिस, त्या टोकाला मोकल, मध्ये वही. मिस सिनेमातला एकेक संवाद सांगत, मोकल तो देवनागरीत लिहून घेत आणि खाली मराठी. सत्तरीच्या माणसाने सफारी घालून इंग्रजी धडे गिरवणं हा इमारतीतल्या बायकांना दुपारचा चांगला विरंगुळा झाला. मोकलांची सून लिफ्टमध्ये म्हणाली, "बाबांना या वयात इंग्लिश कशाला लागतंय? कुठे इंटरव्ह्यू आहे?" लिफ्ट हसली. मीही हसले. मी मोकलांना तोंडावर विचारलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले.

"शिकतोय आमी. त्यात काय हाय?"

त्यात काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. मिसनी एकदा मला ती वही दाखवली. एकेक पान आखलेलं, प्रत्येक संवादापुढे तो कितव्या मिनिटाला येतो ते लाल शाईत. फक्त शेवटच्या प्रसंगाखाली मराठी लिहिलेलं नव्हतं. खेळातही तेवढा प्रसंग ते भाषांतराविनाच जाऊ देत.

"हे का कोरं?" मी विचारलं.

"म्हणतात, ते वेळ आली की होईल." मिसनी वही मिटली. "बघू, केव्हा येते वेळ."

वेळ आली ती वेगळ्याच दिशेने. इस्रायलहून मिसच्या भाचीचा फोन आला. गुडघे पूर्ण जायच्या आत आत्याने कायमचं तिकडे यावं, कागदपत्रं तयार आहेत, फक्त हो म्हण. मिस मला वाण्याच्या दुकानात भेटल्या तेव्हा त्यांनी साबुदाणा निवडता निवडता हे सांगितलं.

"जाणार तुम्ही?"

"ठरवलं नाही. तिकडे माझी माणसं आहेत. इथे सवय आहे." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "कुंदा, कुणी थांब म्हणालं तर मी थांबेन. एकदाच म्हणायला हवं, पण म्हणायला हवं. मी स्वतः विचारणार नाही. पस्तीस वर्षं मी परीक्षा घेतल्या, या वयात द्यायला बसणार नाही."

मी जिना चढून चौथ्या मजल्यावर गेले आणि मोकलांना हे शब्दन् शब्द सांगितलं. तेवढं चांगलं काम माझ्या हातून झालं. मोकल गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. ते बराच वेळ घालत राहिले, पाणी खाली तिसऱ्या मजल्यावर गळायला लागलं. मग समोर माइक नसतानाही माइकच्या आवाजात म्हणाले, "येत्या रविवारच्या खेळात शेवटच्या प्रसंगाचे भाषांतर करण्यात येईल."

मी समजले. आणि इथेच गप्प बसायला हवं होतं. पण अशी बातमी पोटात ठेवणं मला जमत नाही, कधीच जमलेलं नाही. घरी येऊन मी कट्ट्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "रविवारी चार वाजता विलास आणि शैला यांचा शुभविवाह. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. कृपया आहेर आणू नये." पाच मिनिटांत पंचवीस हसरी तोंडं आली. कुणी घोड्याचं चित्र टाकलं, कुणी विचारलं जेवण आहे का. मोकलांचा मुलगाही त्या ग्रुपमध्ये होता, हे मला आठवलं ते सगळं झाल्यावर. हमीदभाईंनी तेवढा फोन केला.

"कुंदाताई, हे बरं नाही केलंत. कुणाच्या दिलाचा मामला आहे."

"अहो, मस्करी आहे," मी म्हटलं.

रविवारी हॉल भरला. एवढा कधीच भरला नव्हता. जे कधी वर्गणीला तोंड दाखवत नाहीत तेही आले. मागच्या रांगेत मोकलांचा मुलगा हाताची घडी घालून बसला होता आणि शेजारी सून मोबाइल धरून, शूटिंगच्या तयारीत. धर्माकाकांनी कुठून तरी झेंडूचा हार आणला होता आणि तो मांडीवर घेऊन ते बसले होते. मिस पहिल्या रांगेत, नेहमीच्या जागी. त्यांनी त्या दिवशी रेशमी साडी नेसली होती. मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "नवरी तयार आहे." मिसनी मागे वळून पाहिलं नाही.

मोकलांनी नवा सफारी शिवून घेतला होता. सिनेमा सुरू झाला आणि मी थक्क झाले. त्या दिवशी त्यांनी फार सुरेख भाषांतर केलं. वही त्यांच्या हातात होती पण त्यांना ती लागत नव्हती. भूसंपादन नाही, भाऊबीज नाही. उपाशी हत्तीपाशी म्हातारा मालक बोलतो ते त्यांनी असं सांगितलं की खोकलणारेही थांबले. विलास आणि शैला हे एकमेकांचे कोण, हे त्यांनी सांगितलंच नाही. सांगायची गरज उरली नव्हती.

मग शेवटचा प्रसंग आला. रिकामा तंबू. ती वर झुल्यावर, तो खाली. बँड थांबला. तरुणाने वर मान केली आणि एक वाक्य म्हटलं. पडद्यावर शांतता झाली, कारण तिकडे ती मुलगी विचार करते. हॉलातही शांतता झाली.

"विलास म्हणतो," मोकल म्हणाले. आणि थांबले.

मागून एक शिट्टी आली. सून फिसकन हसली. कुणी तरी म्हणालं, "बोला, बोला, मुहूर्त टळतोय." मी भिंगामागे उभी होते, मला मोकलांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मागच्या रांगेत मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते आणि आठवली की मी काही तरी काम काढून उठते.

"विलास आपल्या बहिणीला म्हणतो," माइकवरून स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "की आपला प्रवास सुखाचा होवो."

हॉल कोसळला. माणसं खुर्च्या बडवून हसली. त्याच वेळी पडद्यावर त्या मुलीने झुला सोडला आणि तरुणाने तिला झेललं, त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. पेणकर मिस उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत असतील तशा. हसू रांगेरांगेने खाली बसलं.

"मोकल, भाषांतर चुकलं," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "तो तिला थांब म्हणतोय."

अजूनही वेळ होती. माइक तोंडापाशी होता. तो दूर केला असता आणि गव्हाणच्या भाषेत एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. मी मनात म्हणत होते, बोला हो, बोला. मोकलांचे ओठ हलले.

"प्रेक्षकांनी," ते म्हणाले, "कृपया आपापल्या जागी बसून घ्यावे."

मिस क्षणभर उभ्या राहिल्या आणि बसल्या. सिनेमा संपेपर्यंत बसल्या. जाताना त्यांनी मला नमस्कार केला, धर्माकाकांना गुडघा कसा आहे विचारलं. मोकल टेबलाखाली वाकून काही तरी शोधत होते. तीन आठवड्यांनी मिस गेल्या. सामान गाडीत ठेवायला हमीदभाईंचा मुलगा होता, निरोपाला आम्ही सगळे होतो. मोकल नव्हते. त्यांच्या सुनेने सांगितलं, बाबांना बरं नाहीये. मी मिसना म्हटलं, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलंच, कुंदा. पण तुम्ही त्यांच्या तोंडावर हात ठेवला नव्हता." आणि गाडीत बसल्या.

मला वाटलं होतं की खेळ आता बंद होईल. तो बंद झाला नाही. पहिल्या रविवारी चार वाजता मोकल हजर. फक्त आता ते वहीबरहुकूम भाषांतर करतात. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बिल्डर हा सर्कशीचा खरेदीदार आहे, गाण्यात मागण्या नाहीत, मिठीला कारण नाही. लोकांना त्यात रस उरला नाही. दोन महिन्यांत धर्माकाका उठले, "पयला पिक्चर बरा व्हता," म्हणाले आणि परत आले नाहीत. शेवंताबाई मालिका बघायला घरी थांबू लागल्या.

गेल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. त्यातले हमीदभाई झोपले होते. शेवटचा प्रसंग आला. मोकलांनी वही मिटली, माइक नीट धरला. विलास म्हणतो, माझ्याकडे तंबू उरला नाही, सर्कस उरली नाही, तुला द्यायला माझ्यापाशी काही नाही, पण तू जाऊ नकोस, थांब. त्यांनी ते न अडखळता म्हटलं, रिकाम्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलीने झुला सोडला. मी दिवे लावले.

मोकलांनी माइक टेबलावर ठेवला आणि प्रोजेक्टरपाशी माझ्याजवळ आले.

"सेक्रेटरीबाई," ते हळूच म्हणाले, "आता बरोबर हाय ना?"

मला इंग्रजी तेवढं येत नाही. बरोबर की चूक हे सांगू शकेल असं आता कामोठ्यात कुणी नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.